ठिणगीची साक्ष

श्रोतेहो, व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय घेतला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या यांची अपेक्षा बाळगली जाते, आणि ती रास्तही आहे. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगावयास उभे राहिलो आहोत ती मात्र मुठीत मावणारी आहे. पेट्रोलच्या प्रत्येक मोटारीत आणि फटफटीत ती असते. तिच्यावाचून ही गाडी हलत नाही, आणि गाडी बंद पडली की पहिला संशय तिच्यावरच येतो. स्पार्क प्लग हे तिचे नाव. खेड्यापाड्यांतील गॅरेजात तिला नुसते ‘प्लग’ म्हणतात, आणि आम्हीही तसेच म्हणणार आहोत.

हा विषय आम्हांस सुचला तो एका फजितीतून. आमची गाडी टर्बो लावलेली, पेट्रोलची. सपाट रस्त्यावर ती विनातक्रार चाले. परंतु गाडीत माणसे भरून खंबाटकीचा घाट चढू लागलो आणि पाय जरा जास्त दाबला की ती झटके खाई, आणि समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागे. एका गॅरेजात सांगण्यात आले की कॉईल जळाली. नवी घातली. तीन आठवड्यांनी दुसरी जळाली. मग पेट्रोलला दोष दिला गेला, मग फिल्टरला. अखेर रस्त्याकडेच्या एका वृद्ध मिस्त्रीने चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले आणि फट मोजण्याची पट्टी त्यांत घालून पाहिली.

“साहेब, हे प्लग कोणी घातले?”

“मागच्या सर्व्हिसला बदलले. दुकानदार म्हणाला, हे बसतात.”

“बसतात खरे, पण ह्या गाडीला चालत नाहीत. बिनटर्बोच्या गाडीचे आहेत. गाडीच्या पुस्तकात फट दिलीय ०.७ मिलिमीटर, ही आहे १.१. कॉईलचा काय गुन्हा? तिला झेपत नाही एवढं ओझं तुम्ही रोज उचलायला लावलंत.”

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या दिवशी तिचा प्रत्यय आला. पुढे या विषयाचे वाचन करू लागलो तेव्हा ध्यानी आले की ही एकट्या आमची गोष्ट नव्हे. गेल्या सव्वाशे वर्षांतला इंजिनाचा इतिहास हा पुष्कळ अंशी चुकीच्या ठिकाणी बंब नेण्याचा, आणि मग हळूहळू खरी आग कोठे आहे ते शोधण्यास शिकण्याचा इतिहास आहे. जेथे दुखते तेथेच रोग असतो असे नाही, हे वैद्याला जितके खरे तितकेच मिस्त्रीला खरे. ही गोष्ट प्लगच्या निमित्ताने सांगावी असा आमचा मनोदय आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. सिलिंडरात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण येते, पिस्टन ते दाबतो, नेमक्या क्षणी ठिणगी पडते, मिश्रण पेटते, आणि तापलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ वेळा ठिणगी पाडावी लागते. ही सारी क्रिया लोखंडाच्या बंद भांड्यात चालते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आतली आग दिसत नाही. त्याच्या हाती येतो तो आवाज, धूर, शक्तीचा अनुभव, आणि काढून पाहिलेला प्लग. आतल्या आगीत राहून बाहेर येणारी वस्तू म्हणजे हा प्लग होय. म्हणून त्याची साक्ष मोलाची.

१८६० साली एत्येन लन्वार याने पॅरिसमध्ये गॅसवर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले. त्यात बॅटरी आणि रुमकॉर्फची कॉईल यांच्या साहाय्याने विजेची ठिणगी पाडली जाई, आणि त्या ठिणगीसाठी चिनी मातीचे आवरण असलेला प्लग होता. परंतु लन्वारचे इंजिन मिश्रण दाबत नसे. न दाबलेल्या हवेत ठिणगी पाडणे तुलनेने सोपे. १८७६ मध्ये निकोलाउस ओटो याने मिश्रण दाबून मग पेटविणारे इंजिन यशस्वी केले, आणि तेथून पेटविण्याचा प्रश्न कठीण झाला. गॉटलिब डाइम्लर याने वीज सोडून तापलेल्या नळीचा आश्रय घेतला. १८८६ च्या पेटंटातील आपल्या तीनचाकी मोटारीत कार्ल बेंझ याने ठिणगीच वापरली, पण या प्रज्वलनालाच तो सर्व प्रश्नांचा प्रश्न म्हणत असे. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ मध्ये उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग ही जोडी सिद्ध केली, आणि मोटार खऱ्या अर्थाने रस्त्यावर आली.

या सुरुवातीच्या काळातील एक माणूस सांगण्याजोगा आहे. १८९९ ची पॅरिस ते रूबे ही अवघड सायकल शर्यत जिंकणारा आल्बेर शाँपियाँ हा फ्रेंच तरुण पुढे अमेरिकेस गेला आणि १९०८ मध्ये फ्लिंट गावी प्लग बनवू लागला. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘एसी’ हे प्लगचे नाव पडले. स्वतःच्या पायांच्या जोरावर चाक फिरविणाऱ्या माणसाने पुढे लक्षावधी इंजिनांना ठिणगी पुरवावी, हा योग मोठा मौजेचा.

आता प्लगची प्रकृती. प्लगचे आतले टोक फार थंड राहिले तर त्यावर काजळी धरते आणि वीज ठिणगी न पाडता काजळीवरून निसटून जाते. ते फार तापले तर निखाऱ्यासारखे होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटविते. म्हणून ते सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअस या मर्यादेत राहिले पाहिजे. ही मर्यादा राखण्याची युक्ती साधी आहे. आतील चिनी मातीचे नाक लांब ठेवले तर उष्णतेला बाहेर पडण्यास दूरचा रस्ता पडतो आणि टोक तापलेले राहते. नाक आखूड ठेवले तर उष्णता चटकन निघून जाते. पहिल्याला गरम प्लग म्हणतात, दुसऱ्याला थंड. गरम प्लगची ठिणगी अधिक गरम असते असा पुष्कळांचा समज आहे, तो निराधार आहे. फरक ठिणगीत नसून टोकाची उष्णता किती लवकर निघून जाते यात आहे.

येथपर्यंत सारे सुरळीत वाटते. परंतु दुसऱ्या दशकात एक तंटा उभा राहिला, आणि त्यात प्लगच्या ठिणगीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. अमेरिकेतील डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग याने कॅडिलॅक गाडीसाठी बॅटरीवर चालणारी ठिणगीची योजना केली होती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा विजेचा स्टार्टरही आला आणि हँडल मारण्याचा जाच संपला. त्याच सुमारास चढावर किंवा ओझ्याखाली इंजिनातून हातोडी मारल्यासारखा आवाज येण्याची तक्रार वाढली. आपण त्याला नॉकिंग म्हणतो. विरोधकांनी निदान केले की हा केटरिंगच्या ठिणगीचा दोष. केटरिंगला हे मान्य नव्हते. मागणी वाढल्यामुळे पेट्रोलची प्रत खालावली होती; शिवाय रॉकेलवर चालणारी त्याची घरगुती वीजयंत्रेही तसाच आवाज करीत होती. त्याने १९१६ मध्ये आपल्याकडे आलेल्या टॉमस मिजली या तरुण अभियंत्यास खरे कारण शोधावयास सांगितले.

मिजलीने सिलिंडरातील दाबाचे आलेख घेतले, आणि त्यांतून जे निघाले ते निर्णायक होते. नॉकिंग ठिणगीच्या आधी होत नव्हते. ते ठिणगीच्या नंतर होत होते. ठिणगी वेळेवर पडे, ज्योत व्यवस्थित पसरू लागे, परंतु ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम पेट घेई, आणि त्या धक्क्याने हातोडीचा आवाज होई. ठिणगी निर्दोष ठरली. दोष इंधनात होता. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची वेळ आली होती, ती टळली.

निदान इतके अचूक! पण श्रोतेहो, निदान अचूक असले म्हणजे औषध योग्य असते असे थोडेच आहे? अनेक पदार्थ पारखून ९ डिसेंबर १९२१ रोजी मिजलीला टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक द्रवरूप संयुग, सापडले. पेट्रोलमध्ये त्याचा अत्यल्प अंश घातला की नॉकिंग थांबे. १९२३ मध्ये असे पेट्रोल डेटनमध्ये विक्रीस आले. शिसे विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होते. मिजलीला स्वतःलाच शिशाची बाधा होऊन विश्रांती घ्यावी लागली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे द्रव्य हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीही चौकशीनंतर १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. अल्कोहोलही नॉकिंग रोखते हे ज्ञात असताना शिसे निवडले गेले, आणि जगाच्या रस्त्यांवर त्याचा धूर पसरला. लहान मुलांच्या मेंदूवर होणारा त्याचा परिणाम पुढे सिद्ध झाला. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातील शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, त्याची विक्री थांबविली ती २०२१ मध्ये. एका आवाजाच्या उपचाराची ही किंमत शंभर वर्षे मोजली गेली.

प्लगच्या दृष्टीने यात एक उपकथा आहे. ठिणगीला आरोपातून सोडविणारे हेच शिसे प्लगच्या टोकावर थर धरून त्याला निकामी करू लागले. ते धुराड्यातून बाहेर जावे म्हणून ब्रोमीनचे संयुग पेट्रोलमध्ये मिसळावे लागले. तेवढे ब्रोमीन मिळेना, म्हणून १९३४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील क्यूर बीच येथे समुद्राच्या पाण्यातून ते काढण्याचा कारखाना सुरू झाला. एका उपचारातून दुसरा उपचार निघतो, त्यातून तिसरा, आणि समुद्रही कामाला लागतो.

येथे आपण टर्बोकडे वळले पाहिजे, कारण केटरिंगच्या काळी जो प्रश्न चढावर पडत होता तो टर्बोने दर क्षणाचा करून ठेवला. इंजिनाची शक्ती शेवटी सिलिंडरात किती हवा जाते यावर ठरते. धुराड्यातून वाया जाणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून आत कोंबावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट १९०५ सालचे. १९१८ मध्ये अमेरिकेच्या सॅनफोर्ड मॉस याने विमानाचे लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या सुमारे १४,१०० फूट उंचीच्या शिखरावर नेऊन चालविले. विरळ हवेत त्या इंजिनाची शक्ती २३० अश्वशक्तीपर्यंत घसरली होती. टर्बो जोडताच ती ३५६ झाली.

टर्बो प्रथम रुळला तो जहाजांच्या आणि मालमोटारींच्या डिझेल इंजिनांत. याचे कारण उघड आहे. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा दाबतात आणि इंधन मागाहून सोडतात; त्यामुळे वेळेपूर्वी पेटण्यासारखे मिश्रणच तेथे नसते, आणि प्लगही नसतो. पेट्रोलच्या इंजिनात मात्र अधिक हवा म्हणजे अधिक दाब, अधिक दाब म्हणजे अधिक उष्णता, आणि दोन्ही मिळून नॉकिंगला आमंत्रण.

प्लगवर तर दुहेरी संकट येते. फ्रिडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये एक नियम मांडला होता. दोन टोकांमधील वायूतून ठिणगी उडविण्यास किती विद्युत्‌दाब लागेल हे त्या वायूचा दाब आणि टोकांमधील फट यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. टर्बोने दाब वाढविला की तीच फट ओलांडण्यास अधिक व्होल्ट लागतात. कॉईलने ते दिले नाहीत तर ठिणगी पडत नाही. कॉईल ते देऊ लागली तर तिचे आवरण आतून फुटते. उपाय एकच, फट कमी करणे. आमच्या मिस्त्रीने पाशेनचे नाव ऐकले नसेल, परंतु त्याचा नियम त्याच्या बोटांत होता. दुसरे संकट उष्णतेचे. अधिक इंधन जळते म्हणून टोक अधिक तापते, आणि अधिक थंड प्लग लावावा लागतो.

या दोन संकटांची परीक्षा प्रथम विमानांत झाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात शर्यतीच्या आणि विमानांच्या इंजिनांत अभ्रकाचे प्लग वापरीत. केनेल्म ली गिनेस या ब्रिटिश शर्यतपटूचे ‘केएलजी’ प्लग त्यांपैकी प्रसिद्ध. पत्री अभ्रकाचा जगातील प्रमुख पुरवठादार त्या वेळी आपला देश होता, त्यामुळे दूरदेशीच्या त्या इंजिनांशी आपल्या खाणकामगारांचे नाते होते, जरी ते त्यांना कधी कोणी सांगितले नसेल. पुढे शिशाच्या पेट्रोलपुढे अभ्रक टिकेना, आणि भाजून घट्ट केलेल्या ॲल्युमिनाचे आवरण आले. आजच्या प्लगचा पांढरा भाग तोच.

युद्धोत्तर काळात टर्बो मोटारीत आला तो १९६२ मध्ये. अमेरिकेत शेव्हरले कॉर्व्हेअर माँझा स्पायडर आणि ओल्ड्समोबिल जेटफायर या दोन गाड्या थोड्या अंतराने निघाल्या. कॉर्व्हेअरच्या अभियंत्यांनी मिश्रण मुळातच कमी दाबले जाईल अशी रचना केली. जेटफायरच्या अभियंत्यांनी ते १०.२५ पट दाबणेच पसंत केले आणि वर टर्बो लावला. नॉकिंग टाळण्यासाठी त्यांनी एक बाटली दिली. तीत शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण असे. टर्बोचा दाब चढला की ते हवेत फवारले जाई आणि मिश्रण थंड होई. कागदावर हा उपाय उत्तम होता. परंतु लोकांना पेट्रोल भरण्याची सवय होती, बाटली भरण्याची नव्हती. बाटली रिकामी झाली की सुरक्षेची झडप टर्बोचा दाब तोडी आणि गाडी मंद पडे. इंजिन स्वतःला वाचवीत होते, आणि मालकाला वाटे की इंजिन बिघडले. दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या विकून ती बंद झाली, आणि १९६५ मध्ये कंपनीने अनेकांच्या गाड्यांवरील टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवून दिले. यंत्राचे बोलणे माणसाला कळले नाही, तर चांगले यंत्रही पराभूत होते.

१९७७ च्या जुलैमध्ये सिल्व्हरस्टोन येथे रेनॉने दीड लिटरची टर्बो गाडी तीन लिटरच्या गाड्यांविरुद्ध शर्यतीत उतरविली. ती इतक्या वेळा धूर सोडीत थांबे की इंग्रज तिला पिवळी किटली म्हणू लागले. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, दिजाँच्या मैदानावर त्याच टर्बोने पहिली शर्यत जिंकली आणि थट्टा संपली.

परंतु आमच्या कथेतील खरे वळण शर्यतीच्या मैदानावर आले नाही. ते स्वीडनमध्ये आले. १९७८ मध्ये बाजारात आलेल्या साबच्या ९९ टर्बोत नॉकिंगच्या भीतीने मिश्रण कमी दाबले जाई. त्यामुळे टर्बो शांत असताना गाडी सुस्त वाटे. पेर यिलब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. नॉकिंगची धास्ती घेऊन कायमचे मागे राहण्यापेक्षा इंजिनालाच विचारावे, तुला त्रास होतो का? इंजिनाच्या अंगावर कंप ओळखणारा एक कान बसविला. नॉकिंगचा पहिला ठोका ऐकू येताच यंत्रणा टर्बोचा दाब उतरवी, आणि इंजिन शांत झाले की पुन्हा चढवी. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही योजना गाड्यांत आली. पेट्रोलची प्रत हलकी असो वा भारी, इंजिन आपली मर्यादा आपणच शोधू लागले.

१९९३ च्या सुमारास साबने याच्याही पुढचे पाऊल टाकले. ठिणगी पडून गेल्यावर प्लग पुढच्या फेरीपर्यंत रिकामाच असतो. त्या फटीत सुमारे ८० व्होल्टचा सौम्य दाब ठेवला तर जळत्या वायूतून किंचित विद्युत्‌प्रवाह वाहतो. हा प्रवाह कसा चढतो आणि उतरतो यावरून मिश्रण पेटले की नाही, नॉकिंग झाले की नाही, हे प्रत्येक सिलिंडरापुरते स्वतंत्र कळते. केटरिंगच्या काळी जो आरोपी म्हणून उभा होता तो प्लग आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आला. आग लावणाऱ्यानेच आगीची हकीकत सांगावी, अशी ही योजना.

सर्व गाड्यांत ही सोय नसते. तेथे प्लगची साक्ष डोळ्यांनी वाचावी लागते, आणि ही विद्या जुन्या मिस्त्रींची आहे. टोकाचा रंग दुधाच्या चहासारखा किंवा फिकट राखाडी असेल तर आत सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, किंवा प्लग गरजेपेक्षा थंड, किंवा गाडी रोज जवळच्या जवळच फिरते. काळा ओला तेलकट थर असेल तर पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह किंवा टर्बोची झिजलेली सीले यांतून तेल येते आहे. पांढरे फटफटीत, फोड आलेले टोक म्हणजे अतिउष्णता. हवा जास्त, ठिणगीची वेळ चुकलेली, प्लग नको इतका गरम किंवा नीट आवळलेला नाही. चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे चमकदार कण दिसले तर पिस्टन वितळू लागला आहे, आणि गाडी त्याच क्षणी थांबवावी. अलीकडच्या पेट्रोलमुळे आणि इंजिनांमुळे हे रंग पूर्वीइतके स्पष्ट उमटत नाहीत, म्हणून रंगावरच विसंबू नये, इतके भान ठेवावे.

निदानाचा क्रमही सांगून ठेवतो. दिवा लुकलुकत असेल तर पाय हलका करावा, कारण न जळलेले पेट्रोल धुराड्यातील शुद्धियंत्र जाळते. मग संगणकातील खूण वाचावी. पी ०३०१, पी ०३०२ अशी खूण असेल तर शेवटचा अंक सिलिंडर सांगतो. त्या सिलिंडरची कॉईल शेजारच्या कॉईलशी अदलाबदल करावी. दोष कॉईलबरोबर सरकला तर कॉईल दोषी. न सरकला तर प्लग पाहावा, मग इंधन सोडणारे इंजेक्टर, मग सिलिंडरातील दाब. टर्बोच्या गाडीत हवेच्या रबरी नळ्या ढिल्या तर नाहीत हेही पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर पैसे जातात आणि ज्ञान मिळत नाही. आणि कॉईल दोषी निघाली तरी ती का जळाली हा प्रश्न विचारावाच. आमच्या पहिल्या गॅरेजने कॉईल बरोबर ओळखली होती. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, एवढेच.

प्लगच्या निवडीचे सूत्र सोपे आहे. आटे आणि लांबी जुळली म्हणजे प्लग बसतो. उष्णतेचा क्रमांक आणि फट जुळली म्हणजे तो चालतो. या क्रमांकात एक खोच आहे. एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगवर अंक वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियन यांच्या प्लगवर अंक वाढला की गरम होतो. एकाचा अंक पाहून दुसऱ्याचा प्लग घेतला तर अनर्थ ठरलेला. गाडीच्या पुस्तकातला क्रमांक हाच प्रमाण मानावा. टर्बोचा दाब मुद्दाम वाढवून घेतलेल्या गाडीलाच एक पायरी थंड प्लग आणि जराशी कमी फट लागते. इरिडियमचे टोक बारीक असते, त्यामुळे कमी व्होल्टात ठिणगी पडते आणि प्लग दीर्घकाळ टिकतो; पण ते नाजूक असल्याने फट वाकविताना जपावे.

आता हा इतिहास संपला असे कोणी समजू नये. आपल्या पुण्याजवळ चाकणला २०१३ पासून टर्बो पेट्रोलच्या फोक्सवॅगन पोलो तयार होऊ लागल्या, आणि रांजणगावातून टाटांच्या टर्बो पेट्रोल गाड्या बाहेर पडतात. लहान इंजिन, मोठी शक्ती, हा आता नेहमीचा प्रकार झाला आहे. अशा इंजिनांत जगभर एक नवा रोग आढळला. कमी वेगात जोर मागितला की क्वचित कधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटे, आणि त्याचा तडाखा असा की प्लगची चिनी माती तुटे, पिस्टन फुटे. तुटलेला प्लग हाती आला की पुन्हा तोच आरोपी! परंतु या वेळी अभियंते घाईस आले नाहीत. शोधाअंती दिसून आले की सिलिंडरात शिरणारे इंजिन तेलाचे थेंब आणि त्या तेलातील कॅल्शियमयुक्त शोधके यांचा यात मोठा वाटा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत तेलांसाठी ‘एपीआय एसएन प्लस’ हे नवे मानक आले ते याचसाठी. रोग दिसला प्लगवर, औषध पडले तेलात.

आणि अल्कोहोल? जे १९२१ च्या सुमारास बाजूला सारले गेले, ते इथेनॉलच्या रूपाने आपल्या पेट्रोलमध्ये आले आहे, आणि त्याचा मोठा वाटा महाराष्ट्रातील साखर कारखाने पुरवितात. त्याचे गुणदोष आपल्या गाड्यांना कसे मानवतात हे उघड्या डोळ्यांनी तपासले पाहिजे. शिशाच्या वेळी झाली तशी उतावीळ पुन्हा होता कामा नये.

श्रोतेहो, तात्पर्य एवढेच. बंद भांड्यातली आग मनुष्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याविषयी हाताला लागेल त्यावर आळ घालण्याचा त्याचा स्वभाव आहे. मिजलीने ठिणगीला निर्दोष ठरविले, पण त्याच हाताने शिसे दिले. स्वीडनच्या अभियंत्यांनी इंजिनाला बोलते केले. आमच्या मिस्त्रीने प्लग ओळीने मांडले आणि बोलण्यापूर्वी मोजले. निघताना आम्ही त्याला विचारले, “मिस्त्री, तुमचे काय झाले?” तो म्हणाला, “प्लगचे पैसे द्या. बघण्याचे काय पैसे?” त्या बघण्याचे मोल आम्ही आज या व्याख्यानाने अंशतः चुकते करीत आहोत.